मुलीला स्पर्धेत उतरवायचं, पण कोणत्या गटात आणि किती?

पत्र: माझी मुलगी ११ वर्षांची आहे, डिसेंबरचा जन्म, सहावीत शिकते. आम्ही गोव्यात डिचोली तालुक्यात राहतो. शाळेच्या १४ वर्षांखालील मुलींच्या फुटबॉल संघात तिला घेतलं. तालुका पातळीवरचा सामना ०-५ असा हरल्यावर ती जेवली नाही, रडतच झोपली. आता प्रत्येक सामन्याच्या आदल्या दिवसापासून तिचं पोट दुखतं, एकदा सकाळी उलटीही झाली. पण सराव चुकवायला मात्र ती तयार नसते. जवळच्या अकादमीचे सर म्हणतात, आठवड्याचे सहा दिवस दोन-दोन तास पाठवा, खो-खो आणि पोहणं बंद करा, बाराही महिने फक्त फुटबॉल. माझ्या यजमानांना ती मोठी खेळाडू व्हावी असं वाटतं. सामना चालू असताना ते बाहेरून सतत सूचना देतात आणि घरी येताना स्कूटरवर तिच्या चुका समजावून सांगतात. सासूबाई म्हणतात, पोरीला उन्हात पळवून काय मिळणार, अंगणात खेळली तरी पुरे. स्पर्धांचा मुलांना खरंच फायदा होतो का? की तिला आताच थांबवू? — एक आई

ताई, सप्रेम नमस्कार.

थांबवू नका. “सराव चुकवायला ती तयार नसते” हे तुमच्या पत्रातलं वाक्य आम्हाला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. ज्या मुलाचं खेळावरूनच मन उडतं ते आधी सराव टाळायला लागतं. बूट सापडत नाहीत, पाय दुखतो, उद्या टेस्ट असते. तुमच्या मुलीचं तसं काही नाही. तिला फुटबॉल हवा आहे, त्रास सामन्यांचा होतो आहे. म्हणजे बदल सामन्यांमध्ये करायचा आहे: ती कोणत्या गटात खेळते, किती खेळते आणि सामन्याच्या आधी-नंतर घरची मोठी माणसं काय करतात.

सासूबाईंचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. अंगणातला खेळ मुलांना हवाच. तिथे मुलं भिडू स्वतः वाटून घेतात, नियम स्वतः ठरवतात, भांडतात आणि पुन्हा जुळवून घेतात. पण डाव अंगावर आला तर तो मोडून घरी जायची सोयही तिथे असते. सामन्यात ती नसते. तारीख दुसऱ्याने ठरवलेली, समोरचा संघ दुसऱ्याने निवडलेला, शिट्टी रेफरीच्या हातात आणि निकाल सगळ्यांदेखत. ठरलेल्या तारखेसाठी तीन आठवडे तयारी करणं, न पटलेला निर्णय गिळून पुढच्या क्षणी पुन्हा चेंडूमागे धावणं, आपल्याहून सरस मुलीसमोर पाय रोवून उभं राहणं, राखीव म्हणून बाकावर बसलेलं असतानाही संघाचं राहणं, हे सगळं स्पर्धेतच शिकायला मिळतं. त्यातही सांघिक खेळाचं पारडं जड आहे. अमेरिकेत ९ ते १३ वर्षांच्या ११ हजारांहून अधिक मुलांच्या माहितीवर २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सांघिक खेळ खेळणाऱ्या मुलांमध्ये चिंता, उदासपणा आणि एकलकोंडेपणा न खेळणाऱ्यांपेक्षा कमी आढळला. फक्त वैयक्तिक खेळ खेळणाऱ्यांमध्ये मात्र या तक्रारी न खेळणाऱ्यांपेक्षाही जास्त दिसल्या. यावरून कारण आणि परिणाम सिद्ध होत नाहीत. तरी पराभव वाटून घ्यायला दहा मैत्रिणी असणं आणि तो एकटीने सोसणं यातला फरक पालकांनी ओळखायला हवा.

स्पर्धेचा हा फायदा नुसतं नाव नोंदवून पदरात पडत नाही. औषधासारखी त्याची मात्रा असते, आणि तुमच्या मुलीची मात्रा चुकली आहे.

आधी गट बघू. ती ११ वर्षांची आहे आणि खेळते १४ वर्षांखालील गटात. वयोगट बहुधा १ जानेवारी धरून ठरवतात. म्हणजे समोरच्या संघात चौदाव्याच्या उंबरठ्यावरची, तिच्यापेक्षा जवळजवळ तीन वर्षांनी मोठी मुलगी असू शकते. मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास सर्वांत झपाट्याने वाढते. तेरा-साडेतेराच्या मुलीची ती वाढ बरीचशी होऊन गेलेली असते, तुमच्या मुलीची कदाचित सुरूही झालेली नसेल. मग धक्का लागला की तीच पडते, लांब पासवर दुसरी तिच्या आधी पोचते, चेंडू तिच्या वाट्याला येतो तो फक्त टोलवून देण्यापुरता. त्या ०-५ मध्ये कौशल्याचा दोष किती आणि वयाचा किती, हे तिला कोणी सांगितलेलं नसणार. तिने सगळा दोष स्वतःकडे घेतला असेल. हे तिला आकड्यांनिशी सांगा. अकरा वर्षांच्या मुलीला ते नीट समजतं.

डिसेंबरच्या जन्माने यात भर पडते. तिच्याच सालातल्या जानेवारीच्या मुली तिच्याहून अकरा महिन्यांनी मोठ्या आहेत, आणि या वयात अकरा महिने खूप असतात. निवड चाचण्यांमध्ये वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुलं जास्त घेतली जातात, हे जगभर अनेक खेळांत दिसून आलं आहे. प्रशिक्षकाला जी हुशारी वाटते ती बरेचदा नुसती आधी आलेली वाढ असते. त्यामुळे येत्या दोन-तीन वर्षांत ती एखाद्या निवडीत मागे पडली, तर त्यावरून तिच्या कुवतीचा निकाल लावू नका. आणि यावर उपाय म्हणून कोणी जन्मदाखल्यात फेरफार सुचवला, तर त्या माणसाशी पुन्हा बोलूही नका. हाडांच्या वयाच्या तपासणीत अशी फसवणूक उघडी पडते आणि बंदी मुलाच्या नावावर येते.

शाळेच्या पीई (शारीरिक शिक्षण) शिक्षकांना भेटून दोन गोष्टी मागा. १४ वर्षांखालील संघाबरोबरचा सराव चालू ठेवावा, पण या वर्षी त्या संघाच्या सामन्यात तिला राखीव म्हणून शेवटची १०-१५ मिनिटं उतरवावं. आणि पूर्ण वेळ खेळण्यासाठी १२ किंवा १३ वर्षांखालील, सात किंवा नऊ जणींचे सामने शोधावेत. लहान मैदानावर, कमी खेळाडूंमध्ये प्रत्येकीच्या पायाला चेंडू कितीतरी जास्त वेळा लागतो. अकरा जणींच्या मोठ्या मैदानावर या वयाची मुलगी निम्मा वेळ नुसती धावत राहते. चेंडूही तपासा. १२ वर्षांपर्यंत ४ नंबरचा (घेर ६३.५ ते ६६ सेंमी) पुरतो. ५ नंबरचा (६८ ते ७० सेंमी, ४१० ते ४५० ग्रॅम) मोठ्यांचा असतो. पावसात भिजलेला जड, जुना ५ नंबर लहान पायाला मारायला दिला की मुलं गुडघा न वापरता कंबर फिरवून फटका मारायची सवय लावून घेतात आणि मग जांघेत दुखू लागतं.

सामना बरोबरीचा आहे की नाही हे ओळखायचा सोपा हिशेब आहे. लागोपाठच्या सहा-आठ सामन्यांत दोन-तीन विजय, एखादी बरोबरी आणि बाकीचे एक-दोन गोलांनी हरलेले असतील तर गट योग्य. दर वेळी चार-पाच गोलांनी हार होत असेल तर गट वरचा आहे. दर वेळी तेवढ्याच फरकाने जिंकत असेल तर खालचा आहे, आणि तोही बदलायला हवा. सतत सहज जिंकणारं मूल तितकंसं शिकत नाही.

आता तासांचा हिशेब. बालरोगतज्ज्ञांच्या संघटना साधारणपणे असं सांगतात: संघटित खेळाचे आठवड्याचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नसावेत, आठवड्यात निदान एक दिवस पूर्ण विश्रांती हवी आणि एका खेळातून वर्षाकाठी एकूण दोन-तीन महिने सुट्टी हवी, ती एकेक महिन्याच्या तुकड्यांत घेतली तरी चालते. अकादमीचे सहा दिवस दोन-दोन तास म्हणजे तिथेच १२ तास झाले. शाळेचा सराव, पीईचे तास आणि सामना धरला तर आकडा १५ च्या पुढे जातो. अकरा वर्षांच्या मुलीला हे फार आहे. वाढत्या हाडांच्या टोकांना कूर्चेचा मऊ थर असतो. तिथे स्नायूंचे दोर चिकटलेले असतात आणि रोजच्या ओढीने ती जागा सुजते. टाचेच्या मागे किंवा गुडघ्याच्या वाटीखालच्या उंचवट्यावर बोट दाबल्यावर “तिथेच” असं मूल सांगतं. लोक त्याला “वाढीचं दुखणं” म्हणून सोडून देतात आणि मूल लंगडत खेळत राहतं. वाढीच्या सामान्य दुखण्यात दोन्ही पाय रात्री दुखतात आणि सकाळी ठीक असतात. एकाच जागी, खेळताना वाढणारं दुखणं निराळं. त्याला विश्रांती आणि डॉक्टर दोन्ही लागतात.

अकादमी हवी असेल तर आठवड्यातून तीन दिवस, दीड-दीड तास घ्या. एक दिवस सामना किंवा शाळेचा सराव, एक-दोन दिवस खो-खो, रविवारी पूर्ण सुट्टी. एकूण सात-आठ तास होतील. सुट्टीचा एक महिना मे आणि दुसरा वार्षिक परीक्षेचा धरा. गणेश चवथीचे आठ-दहा दिवस तसेही कोणी सरावाला येत नाही, तेही मोकळे सोडा. या दिवसांत पोहावं, सायकल चालवावी, कापणीनंतर मोकळ्या झालेल्या शेतात पोरांबरोबर हवा तेवढा चेंडू खेळावा. तो खेळ या तासांत मोजायचा नाही.

खो-खो बंद करा हा सल्ला तर फुटबॉलच्याच मुळावर येणारा आहे. धावक मुलगी पाठलाग करणारीला हूल देते तेव्हा काय करते ते एकदा जवळून पाहा. पूर्ण वेगात असताना ती दोन छोट्या पावलांत वेग तोडते, गुडघे वाकवून अंग खाली घेते, खांदा एका बाजूला टाकते आणि कंबर दुसऱ्या बाजूला फिरवून निसटते. फुटबॉलमध्ये बचावपटूला चुकवताना नेमकं हेच लागतं. गुडघ्याचे स्नायुबंध सांभाळणारी थांबण्या-वळण्याची रीतही हीच. वयात आल्यानंतर मुलींच्या गुडघ्यातला पुढचा स्नायुबंध तुटण्याचा धोका मुलांपेक्षा कितीतरी जास्त असतो, आणि तो बहुतेकदा कोणाचा धक्का न लागता, ताठ गुडघ्याने उतरताना किंवा वळताना तुटतो. एकाच खेळात पक्कं होण्याचा निर्णय बहुतेक खेळांत १५-१६ व्या वर्षापर्यंत थांबू शकतो. जिम्नॅस्टिक्ससारखे थोडे अपवाद आहेत, फुटबॉल त्यात येत नाही.

सरावाआधी मैदानाला दोन फेऱ्या मारून सुरुवात होत असेल तर शिक्षकांना फिफाच्या “११ प्लस किड्स” या वॉर्म-अपबद्दल सांगा. तो ७ ते १३ वर्षांच्या मुलांसाठीच बसवलेला आहे. त्यात सात व्यायाम आहेत: खुणेसरशी थांबण्याचा धावण्याचा खेळ, एका पायावर तोल, उड्या मारून वाकलेल्या गुडघ्याने उतरणं, हातांवर भार घेणं, शिवाय नीट पडायचं कसं तेही. १५-२० मिनिटं लागतात, चेंडूशिवाय वेगळं साहित्य लागत नाही. आठवड्यातून दोनदा नियमित केल्यावर दुखापती जवळपास निम्म्यावर आल्याचं चाचण्यांत दिसलं आहे. महिनाभर करून सोडला तर उपयोग नाही. आणि “लवकर आटपा” म्हणून नेमक्या उड्या गाळल्या जातात, तिकडे लक्ष ठेवा.

पोटदुखीकडे येऊ. ती बहाणा करत नाही. भीती वाटली की शरीर पळण्याच्या तयारीला लागतं, रक्त स्नायूंकडे वळतं आणि पचन मंदावतं. पोटात असलेलं अन्न तसंच राहतं आणि कळ येते. म्हणून “काही होत नाही, घाबरू नकोस” म्हटल्याने कळ थांबत नाही. उलट आपण घाबरतो हेच चुकीचं आहे असं तिला वाटतं. त्याऐवजी सांगा, “अंगात जोर येतोय, शरीर तयारीला लागलंय.” ते खरंही आहे.

बाकीची सोय ताटात करायची. पोटभर जेवण सामन्याच्या तीन तास आधी: उकड्या तांदळाची पेज, थोडी भाजी किंवा उसळ. मासे खाणाऱ्या घरात बांगडा आदल्या रात्री, सामन्याच्या सकाळी नको. तेल आणि प्रथिनं पचायला वेळ लागतो. एक तास आधी एक केळं. मैदानाबाहेरच्या गाड्यावरची भजी, सामोसे आणि थंड पेयं सामना संपल्यावर. नवा पदार्थ सामन्याच्या दिवशी कधीच नको, आधी सरावाच्या दिवशी करून बघायचा. मैदानावर ४५ मिनिटं आधी पोचा आणि पहिल्यांदा संडास कुठे आहे ते बघून ठेवा. मुलींच्या बाबतीत निम्मी घालमेल याचीच असते, कारण बऱ्याच मैदानांवर मुलींसाठी बंद जागा नसते. नसेल तर जवळच्या शाळेची सोय शिक्षकांकडून आधी विचारून घ्या.

वॉर्म-अपच्या आधी दहा श्वास: चार आकडे मोजत आत, सहा मोजत बाहेर. श्वास सोडायला जास्त वेळ घेतला की हृदयाचे ठोके उतरतात. मग पहिल्या पाच मिनिटांसाठी एकच छोटं काम ठरवून द्यायचं, “तीन सोपे पास, जवळच्या मैत्रिणीला.” जिंकायचं की हरायचं हे तिच्या हातात नाही, तीन पास आहेत. ते झाले की पोट बहुतेक आपोआप शांत होतं.

हे सगळं सहा-सात सामन्यांपर्यंत करा. तरीही उलट्या थांबल्या नाहीत, सामना नसतानाही पोट दुखलं, दुखण्याने रात्री जाग आली किंवा वजन उतरलं, तर मनावर न ढकलता बालरोगतज्ज्ञांकडे न्या.

आता स्कूटरबद्दल. हा भाग यजमानांना वाचायला द्या.

मैदानाबाहेरून “पास दे, पास दे, शूट!” असं ओरडलं की अकरा वर्षांच्या मुलीचं काय होतं? चेंडू पायाशी आल्यावर तिच्याकडे जेमतेम एक-दोन सेकंद असतात. त्यात प्रशिक्षकाचा आवाज, वडिलांचा आवाज आणि तिची स्वतःची नजर, तिन्ही वेगळं सांगतात. ती क्षणभर थबकते आणि बाजूच्या रेषेकडे बघते. तेवढ्यात चेंडू जातो. मग “लक्ष कुठे असतं तुझं?” लक्ष वडिलांकडेच होतं. मुलगी सामन्यात किती वेळा बाहेर बघते ते मोजा. तीनदा बघत असेल तरी जास्त आहे. वडिलांनी प्रशिक्षकाच्या विरुद्ध बाजूला, रेषेपासून मागे उभं राहावं, दोन्ही संघांच्या चांगल्या खेळाला टाळ्या वाजवाव्यात आणि रेफरीला एक शब्दही बोलू नये. गावच्या टुर्नामेंटला हे कठीण जातं, सगळेच ओरडत असतात. तरी मुलगी ओळखीचा आवाज बरोबर वेगळा ऐकते.

सामना संपल्यावर पहिला अर्धा तास फक्त पाणी, खाणं आणि कोरडे कपडे. खेळाबद्दल ती बोलली तर ऐकायचं, नाही बोलली तर नाही. स्कूटरवर तर मुळीच नाही. तिथून तिला उठून जाता येत नाही, तोंड दिसत नाही, आणि मागे बसून रडली तरी पुढच्याला कळत नाही. हरून आल्यावर अंगात ताण भिनलेला असतो, तेव्हा सांगितलेली चूक सुधारत नाही, फक्त टोचते. दुसऱ्या दिवशी जेवताना एकच विचारा: “कालच्या मॅचमधली कुठली गोष्ट परत करून बघायची आहे?” ती जी सांगेल तीच त्या आठवड्याची. वडिलांना दुसऱ्या चार दिसल्या असतील, त्या प्रशिक्षकाच्या आहेत.

यजमानांच्या हाताला काम हवं असेल तर एक वही द्या. दर दहा मिनिटांना तीन गोष्टींच्या रेघा मारायच्या: चेंडू येण्याआधी तिने मान वळवून आजूबाजूला किती वेळा पाहिलं, चेंडू गमावल्यावर किती वेळा लगेच मागे धावली, मैत्रिणीला किती वेळा हाक मारून चेंडू मागितला. गोल मोजायचे नाहीत. ०-५ हरलेल्या सामन्यातसुद्धा या रेघा चारवरून नऊवर गेलेल्या दिसू शकतात. तेव्हा “आज चांगली खेळलीस” म्हणायला खरा आधार असतो. खोटी स्तुती मुलं लगेच ओळखतात.

शरीराच्या काही गोष्टी आता सांगतो, त्या तुमच्याकडेच येणार आहेत. गोव्याच्या दमट हवेत घाम येतो पण वाळत नाही, त्यामुळे ३२-३३ अंशांतही अंग तापत जातं. ९ ते १२ वर्षांच्या मुलांनी खेळताना दर २० मिनिटांनी १०० ते २५० मिली पाणी प्यावं, तहान लागायची वाट न बघता. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरात सकाळी दहा ते दुपारी चार मैदान नको. डोकं दुखतं, चक्कर येते, असंबद्ध बोलते असं दिसलं तर लगेच सावलीत घेऊन अंगावर पाणी ओता, आणि बोलणं असंबद्ध असेल तर १०८ ला फोन करा.

शाळांचे फुटबॉल सामने बरेचदा ऐन पावसात येतात. चिखलात ओल्या मोज्यांनी फोड येतात, म्हणून मोज्यांचा दुसरा जोड पिशवीत हवाच. बूट घरी आल्यावर धुऊन आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवा. चुलीजवळ ठेवले तर तळवा सुटतो. खरचटलं तर साबण-पाण्याने धुवा, माती आत ठेवू नका. धनुर्वाताचा टीडी डोस दहाव्या वर्षी असतो. तो झाला आहे का ते कार्ड काढून बघा. गडगडाट ऐकू आला की खेळ बंद, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटांनीच परत मैदानात. हे रेफरी विसरला तर पालकांनी सांगावं.

डोक्याला मार लागून ती गोंधळली, मळमळलं किंवा काय झालं ते आठवेना, तर त्या दिवशी पुन्हा मैदानात नाही, कोणी कितीही विनवलं तरी. डॉक्टरांच्या परवानगीनेच परत. हेडरची (डोक्याने चेंडू मारण्याची) घाई नको. अमेरिकेत दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडर बंद आहे आणि ११ ते १३ मध्ये सरावात मोजूनच दिला जातो.

लवकरच पाळी सुरू होईल. त्यासाठी खेळ थांबवायचं कारण नाही, उलट बऱ्याच मुलींना धावल्याने पोटातलं दुखणं कमी वाटतं. पिशवीत पॅड, गडद रंगाची दुसरी चड्डी आणि एक पंचा कायम ठेवा, म्हणजे तिला ऐनवेळी कोणाला विचारावं लागणार नाही. ती लवकर दमते, जिना चढताना धापते असं वाटलं तर हिमोग्लोबिन तपासा. ११ वर्षांपर्यंत ११.५ आणि १२ ते १४ मध्ये १२ ग्रॅमच्या खाली असेल तर तो ॲनिमिया. असली थकावट “स्टॅमिना नाही” म्हणून हिणवली जाते आणि जास्त पळवलं जातं, त्याने ती वाढतेच. नाचणी, हिरवी भाजी, कडधान्यं, वर लिंबू, आणि जेवणाला लागून चहा नको. चहाने लोह अंगी लागत नाही. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी ती घेते की टाकून देते, ते विचारा.

सासूबाईंना यातलं एक नक्की सांगा. मोठेपणी हाडांत जेवढं खनिज असतं त्याचा सुमारे पाव भाग वाढीच्या ऐन दोन वर्षांत साठतो, आणि मुलींच्या बाबतीत ती वर्षं साधारण १२-१३ च्या आसपासची. उड्या आणि धावणं हाडांना ते साठवायला लावतं. त्यांच्या वयाच्या बायकांची मनगटं आणि खुबे कशाने मोडतात हे त्यांनी पाहिलेलं असेल. आपल्या नातीला काय मिळणार, याचं उत्तर त्यांना त्यातच मिळेल. पेज करायचं काम त्यांच्याकडे सोपवा.

अभ्यासाचं फार मनावर घेऊ नका. गोव्यातल्या बहुतेक शाळा दुपारी सुटतात, ही मोठी सोय आहे. जेवण, थोडी विश्रांती, अडीच-तीन ते चार अभ्यास, साडेचार ते सहा मैदान, आठच्या आत जेवण, नऊला झोप. या वयात ९ ते १२ तास झोप लागते. सराव रात्री आठपर्यंत लांबला तर आधी झोप जाते आणि मग अभ्यास. दोष खेळाला मिळतो. प्रमाणपत्रं मात्र एका फाईलमध्ये जपा. तारीख, वयोगट आणि स्पर्धेची पातळी त्यावर नीट लिहिलेली आहे का ते त्याच दिवशी बघा. गोवा बोर्डाच्या परीक्षांत क्रीडा गुण मिळतात आणि तेव्हा अपुरं प्रमाणपत्र दुरुस्त करून घेताना नाकीनऊ येतात. मोठी खेळाडू होईल का, हे अकराव्या वर्षी कोणालाच सांगता येत नाही, आणि जो छातीठोकपणे सांगतो त्याला फी भरू नका.

अकादमीत नाव घालण्याआधी हे प्रत्यक्ष जाऊन विचारा: प्रशिक्षकांकडे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा परवाना आहे का आणि कोणत्या श्रेणीचा, मुलींबरोबर सरावाला आणि बाहेरगावच्या सामन्यांना बाई कोण असते, प्रथमोपचाराची पेटी मैदानावर आहे की ऑफिसात, आठवड्याला तीनच दिवस आलं तर चालेल का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर “नाही” आलं तर दुसरी जागा शोधा. पालकांनी सराव बघायला यायचं नाही असा नियम असेल तरीही दुसरी जागा शोधा. प्रशिक्षकाने मुलीला एकटीला गाडीतून नेऊ नये, रात्री खासगी मेसेज पाठवू नयेत, दुखापत बघायची तर दुसरं मोठं माणूस समोर हवं. हे तिलाही साध्या शब्दांत सांगून ठेवा. काही वावगं वाटलं तर १०९८ हा मुलांसाठीचा हेल्पलाइन नंबर चोवीस तास चालू असतो.

पुढचे तीन महिने असं करून बघा. त्यानंतर ती सरावाच्या दिवशीही बूट घालायला टाळाटाळ करू लागली, मैत्रिणींशी बोलणं कमी झालं, झोप बिघडली किंवा दुखतंय हे लपवून खेळायला लागली, तर दोन आठवडे फुटबॉल पूर्ण बंद करा. तेव्हा खो-खो चालू राहू द्या. दोन आठवड्यांनी चेंडू तिने आपणहून काढला तर पुन्हा आठवड्याला दोन दिवसांपासून सुरुवात, आणि पहिला सामना त्यानंतर महिन्याने.